हेल्महोल्ट्झ: डोळ्याच्या पडद्यापर्यंत नजर पोचवणारा माणूस

जगात जर्मनी आणि भारतात परभणी, ही म्हण आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येकाला पाठ असते. ती कुठून आली याच्या चार-पाच कहाण्या मी ऐकल्यात, त्यातली एकही मला नीट पटलेली नाही. पण या लेखापुरती ही म्हण चक्क उपयोगी पडणार आहे. कारण डायबेटिसमुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारी इजा नुसत्या फोटोवरून कशी ओळखतात, हे समजून घ्यायचं तर सुरुवात एका जर्मन माणसापासून करावी लागते. त्याचं नाव हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ. आणि हे समजून घ्यायची गरज कुणाला आहे म्हणाल, तर सेलू, जिंतूर, मानवत, गंगाखेड भागातल्या त्या सगळ्यांना, ज्यांना शुगर आहे आणि ज्यांना अजून सगळं स्वच्छ दिसतंय.

इंजिनिअरिंगला फिजिक्स शिकलेल्या प्रत्येकाने हेल्महोल्ट्झचं नाव कुठेतरी वाचलेलं असतं. हेल्महोल्ट्झ कॉइल, हेल्महोल्ट्झ समीकरण, हेल्महोल्ट्झ फ्री एनर्जी. मला बरेच दिवस ही वेगवेगळी माणसं वाटायची. एकच माणूस निघाला, आणि तोही मुळात डॉक्टर.

त्याचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ चा, बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमचा. वडील शाळेत शिक्षक. घरात पुस्तकं भरपूर, पैसा बेताचा. पोराला फिजिक्स शिकायचं होतं, पण नुसत्या फिजिक्सवर पोट भरेल अशी खात्री त्या काळी कुणी देत नव्हतं, आणि वडिलांना विद्यापीठाचा खर्च झेपणारा नव्हता. मग मधला मार्ग निघाला. बर्लिनला लष्करासाठी डॉक्टर तयार करणारी एक सरकारी संस्था होती. शिक्षण फुकट, पण बदल्यात आठ वर्षं लष्करात नोकरी. म्हणजे आजच्या भाषेत बाँड. १८३८ मध्ये हेल्महोल्ट्झ तिथे दाखल झाला. घरच्या परिस्थितीमुळे आवडीची ब्रँच सोडून दुसरीकडे प्रवेश घेतलेली मुलं माझ्या वर्गातही होती, त्यामुळे हा भाग मला जरा जवळचा वाटतो.

१८४१ मध्ये त्याला टायफॉइड झाला. विद्यार्थी असल्यामुळे उपचार फुकट झाले, आणि दवाखान्यात पडून राहिल्यामुळे विद्यावेतन खर्चच झालं नाही. त्या साठलेल्या पैशांतून त्याने मायक्रोस्कोप घेतला. फार भारी नव्हता, पण त्यावरच बिनकण्याच्या प्राण्यांच्या मज्जातंतूंचा अभ्यास करून त्याने १८४२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे पॉट्सडॅमच्या घोडदळात लष्करी डॉक्टर म्हणून लागला. तिथे बराकीतच त्याने छोटी प्रयोगशाळा मांडली.

ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हे आपण शाळेत शिकतो. त्या नियमाची गणिती मांडणी त्याने जुलै १८४७ मध्ये बर्लिनच्या भौतिकी मंडळापुढे वाचली. वय पंचविशीतलं. मायर आणि जूल यांनी वेगवेगळ्या वाटांनी तेच आधी सांगितलं होतं, पण सगळं एका सूत्रात बांधलं ते याने. त्या काळच्या मोठ्या जर्मन नियतकालिकाने निबंध नाकारला, तेव्हा त्याने तो पुस्तिका म्हणून छापला. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी शब्द टाकल्यामुळे त्याची बाँडमधून लवकर सुटका झाली. १८४९ मध्ये तो क्योनिग्सबर्ग विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवायला गेला. हे शहर आज रशियात आहे, नाव कॅलिनिनग्राड. तिथे गेल्यावर बेडकाच्या पायाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने धावतो हे त्याने मोजलं. उत्तर आलं सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्याही आत. हा वेग माणसाला कधी मोजताच येणार नाही, असं त्याच्या गुरूंचं, योहान्नेस म्युलर यांचं मत होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

रात्री शेतात बॅटरी मारली की बैलाचे, कुत्र्याचे डोळे चमकतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. माणसाची बाहुली मात्र काळीच दिसते. का? आत अंधार आहे म्हणून नाही. आत गेलेला उजेड पडद्यावर आपटून परत येतोच. पण डोळ्याचं भिंग त्याला जवळपास त्याच वाटेने माघारी पाठवतं, ज्या वाटेने तो आला. म्हणजे तो परत दिव्याकडेच जातो. तो पकडायचा तर आपला डोळा दिव्याच्याच जागी हवा. आणि तिथे डोकं नेलं की दिवाच झाकला जातो. बघायला गेलं की उजेड जातो, उजेड ठेवला की बघता येत नाही. हजारो वर्षं माणूस दुसऱ्याच्या डोळ्यात बघत आला आणि आतलं काही दिसलं नाही, त्याचं कारण एवढं साधं भौमितिक आहे.

हेल्महोल्ट्झचा मित्र एर्न्स्ट ब्र्युके याने १८४७ मध्ये माणसाची बाहुलीसुद्धा चमकवून दाखवली होती. पण परत येणाऱ्या त्या किरणांपासून चित्र कुठे आणि कसं तयार होतं, हा पुढचा प्रश्न त्याने धरला नाही. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ विद्यार्थ्यांसाठी याच विषयाची तयारी करत होता आणि तो प्रश्न त्याने धरला. त्याचं उत्तर असं: दिवा बाजूला ठेवायचा. समोर काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरायच्या. त्यांच्यावरून थोडा उजेड परावर्तित होऊन रुग्णाच्या डोळ्यात जातो. पडद्यावरून परत आलेल्या उजेडापैकी काही पुन्हा दिव्याकडे वळतो, पण बाकीचा काचेतून आरपार येतो आणि काचेमागे बसलेल्या डॉक्टरच्या डोळ्यात शिरतो. चित्र धूसर येऊ नये म्हणून मध्ये एक अंतर्गोल भिंग. संपलं. आज ज्याला आपण बीम स्प्लिटर म्हणतो ते हेच.

पहिलं यंत्र त्याने चष्म्याची भिंगं, मायक्रोस्कोपला लागणाऱ्या पातळ काचा आणि पुठ्ठा सरसाने चिकटवून केलं. नीट दिसायला आठेक दिवस लागले. हे दिसायलाच हवं अशी गणिताने खात्री पटली नसती तर त्याने ते मध्येच सोडून दिलं असतं, असं पुढे त्यानेच नोंदवलं आहे. डिबगिंग करणाऱ्या कुणालाही हे पटेल. थिअरी पक्की असेल तरच माणूस आठ दिवस चिकटून बसतो. ६ डिसेंबर १८५० ला बर्लिनच्या मंडळापुढे शोध जाहीर झाला, १८५१ मध्ये छोटं पुस्तक आलं. जर्मनमध्ये त्याने यंत्राला दिलेल्या नावाचा अर्थ डोळ्याचा आरसा. जगाने त्याला ऑफ्थॅल्मोस्कोप म्हटलं. क्योनिग्सबर्गच्याच रेकॉस नावाच्या कारागिराने पुढे त्याला वेगवेगळ्या भिंगांची फिरती चकती बसवली. आजही नेत्रतज्ज्ञ अंगठ्याने जी चकती फिरवतात ती त्याचीच.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. हेल्महोल्ट्झच्या तीन-एक वर्षं आधी लंडनमध्ये एका गृहस्थाने आरशाचा कल्हईचा थर थोडा खरवडून, त्या जागेतून डोळ्यात बघायचं असंच एक यंत्र बनवलं होतं. ते त्याने एका नामवंत नेत्रतज्ज्ञाला दाखवलं. त्या डॉक्टरांना त्यात विशेष काही वाटलं नाही, आणि विषय तिथेच संपला. ते गृहस्थ म्हणजे चार्ल्स बॅबेज. हो, तेच, कॉम्प्युटरचे जनक. डोळ्याच्या आत बघणं आणि गणना करणारं यंत्र, दोन्ही एकाच डोक्यात आलं होतं. ते दोन्ही एकत्र काम करायला मात्र पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं लागली.

हेल्महोल्ट्झच्या यंत्रावर सर्वांत आधी उडी घेतली ती बर्लिनच्या आल्ब्रेश्ट फॉन ग्रेफे या तरुण डॉक्टरने. अंधत्वाची जी कारणं तोवर नुसता अंदाज होती, ती आता जिवंत माणसात दिसायला लागली. डोळ्याचा पडदा ही शरीरातली एकच जागा आहे जिथे कापाकापी न करता जिवंत रक्तवाहिन्या थेट दिसतात. पुस्तक आल्यावर अवघ्या चार वर्षांत, १८५५ च्या सुमारास, व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यांनी डायबेटिसच्या रुग्णाच्या पडद्याच्या मध्यभागी पिवळसर डाग पाहून त्यांची नोंद केली. हे डाग डायबेटिसमुळेच झालेत, असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे ग्रेफेनाच ते पटलं नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, ही त्यांची हरकत होती, आणि हरकत म्हणून ती चुकीची नव्हती. १८७२ मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड नेटलशिप यांनी मृत रुग्णांच्या डोळ्यांचा मायक्रोस्कोपखाली अभ्यास केला, तेव्हा येगर यांचं पारडं जड झालं. तरी सगळ्यांचं एकमत व्हायला विसावं शतक बरंच सरावं लागलं. त्याचं एक कारण दुःखद आहे. १९२२ मध्ये इन्सुलिन येईपर्यंत बरेच रुग्ण डोळे जाण्याइतके दिवस जगतच नव्हते.

आतमध्ये नेमकं होतं काय? रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पडद्यातल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो तसे त्यांना बारीक फुगे येतात. फोटोत ते लाल ठिपक्यांसारखे दिसतात, आकाराने मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून लहान. ही पहिली खूण. मग रक्ताचे डाग, झिरपलेल्या चरबीचे पिवळे कण. आणि शेवटी, उपाशी पडलेला पडदा नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतो. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं. मुद्दा असा की पहिल्या टप्प्यात नजरेला काहीही होत नाही. मधल्या टप्प्यातही बऱ्याचदा होत नाही.

सेलू तालुक्यातल्या माझ्या मामांचं उदाहरण देतो. शुगर बारा वर्षांपासून. कापसाच्या पट्टीवरचा बारीक आकडा चष्म्याशिवाय वाचतात, रात्री मोटारसायकल चालवतात. डोळे तपासा म्हटलं की हसायचे. डोळे दुखायला लागल्यावर बघू, असं त्यांचं म्हणणं. आता हा आजार दुखत नाहीच, त्यामुळे ती वेळ कधी येणारच नव्हती. मामींनी हट्ट करून गेल्या वर्षी एका तपासणी शिबिरात नेलं. डाव्या डोळ्याच्या फोटोत तीन लाल ठिपके निघाले. डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवले तेव्हा मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. उपचार काही लागला नाही. शुगर आणि बीपी आटोक्यात ठेवा आणि ठरल्या वेळी परत या, एवढंच सांगितलं. पण या टप्प्यावर कळणं आणि रक्त उतरल्यावर कळणं यात अख्खं आयुष्य बदलतं. लेझर आणि इंजेक्शनं आहेत, आणि ती चांगली काम करतात. गेलेली नजर मात्र ती बहुतेक वेळा परत आणत नाहीत, उरलेली वाचवतात.

हेल्महोल्ट्झच्या घरातही आजारपण होतंच. पत्नी ओल्गा यांना क्षयाने ग्रासलं होतं. क्योनिग्सबर्गची थंडी त्यांना सोसेना, हे १८५५ मध्ये बॉनला जाण्यामागचं एक कारण. १८५८ मध्ये हायडेलबर्गला बदल, आणि १८५९ च्या डिसेंबरात त्या गेल्या. याच काळात तो डोळ्यावरचा त्याचा तीन भागांचा ग्रंथ लिहीत होता, जो १८५६ ते १८६७ अशी अकरा वर्षं चालला. त्यातल्या दोन कल्पना माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याच्या रोजच्या कामात येऊन बसल्यात.

पहिली रंगांची. आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या संवेदना असतात आणि त्यांच्या मिश्रणातून सगळे रंग बनतात, हा थॉमस यंग यांचा विचार त्याने पुढे नेला. मोबाइलच्या कॅमेऱ्यातले लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनेल त्याच तत्त्वावर आहेत. पडद्याच्या फोटोवर काम करताना यातला हिरवा चॅनेल सोन्यासारखा असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा उजेड जास्त शोषतं, त्यामुळे रक्तवाहिन्या आणि ते लाल ठिपके हिरव्या चॅनेलमध्ये गडद उठून दिसतात. लाल चॅनेलमध्ये तेच ठिपके जवळपास विरघळून जातात. पहिल्यांदा असा फोटो तीन चॅनेलमध्ये फोडून बघितला तेव्हा मी दोन-तीन वेळा मागेपुढे करून खात्री केली होती.

दुसरी कल्पना जरा खोल आहे. आपण जे बघतो ते जसंच्या तसं बघत नाही. डोळ्याकडून येते अर्धवट माहिती, आणि मेंदू आधीच्या अनुभवावरून नकळत अंदाज बांधतो, असं हेल्महोल्ट्झचं मत. १९९५ मध्ये जेफ्री हिंटन, पीटर डायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विचारावरून एक न्यूरल नेटवर्क बनवलं आणि त्याचं नावच हेल्महोल्ट्झ मशीन ठेवलं.

उरलेलं आयुष्य पटकन सांगतो. १८६१ मध्ये आना फॉन मोल यांच्याशी दुसरं लग्न, १८६३ मध्ये संगीत आणि ध्वनीवरचं मोठं पुस्तक, आणि १८७१ मध्ये अखेर बर्लिनला फिजिक्सचा प्राध्यापक. लहानपणी जे शिकायचं होतं त्या खुर्चीवर तो पन्नाशीत बसला. रेडिओ लहरी प्रयोगाने दाखवणारा हाइनरिश हर्ट्झ हा त्याचाच विद्यार्थी. १८८६ मध्ये नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने ग्रेफे यांच्या नावाचं पहिलं पदक त्याला दिलं. तेव्हा त्याने स्वतःची तुलना शिल्पकाराशी न करता त्याला चांगली छिन्नी करून देणाऱ्या लोहाराशी केली. १८९३ मध्ये शिकागोहून परतताना तो जहाजाच्या जिन्यावरून पडला. नंतर तब्येत पूर्वीसारखी झाली नाही, आणि ८ सप्टेंबर १८९४ ला तो गेला.

पदक मिळालं त्याच वर्षी, १८८६ मध्ये, जॅकमन आणि वेबस्टर या दोघा इंग्रजांनी जिवंत माणसाच्या पडद्याचा फोटो काढला. कॅमेरा रुग्णाच्या डोक्याला बांधलेला आणि एक्स्पोजर अडीच मिनिटांचं! आजचा फंडस कॅमेरा तेच काम डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. तत्त्व मात्र जुनंच. काचेच्या पट्ट्यांऐवजी भोक असलेला आरसा, ही सुधारणा ग्योटिंगनच्या रुएटे यांनी १८५२ मध्येच केली होती. कडेच्या कड्यातून उजेड आत, मधल्या भोकातून चित्र बाहेर.

फोटो मिळाला की तो कॉम्प्युटरला वाचायला देता येतो. गुगलच्या टीमने २०१६ मध्ये १,२८,१७५ फोटोंवर शिकवलेलं मॉडेल जाहीर केलं. त्यातले बरेच फोटो भारतातल्या नेत्ररुग्णालयांमधून आलेले होते. या मॉडेलला लाल ठिपका कसा दिसतो हे कुणी नियम लिहून सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी दर्जा ठरवलेले फोटो बघत ते शिकलं. २०१८ मध्ये अमेरिकेने डॉक्टरशिवाय निर्णय देणाऱ्या अशा एका यंत्रणेला पहिली परवानगी दिली. आपल्याकडचं उदाहरण मुंबईचं आहे. महापालिकेच्या दवाखान्यांत डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी मोबाइलला जोडलेला कॅमेरा आणि इंटरनेटशिवाय फोनवरच चालणारं एआय वापरून बघितलं. २०१९ मध्ये निकाल छापून आला. २१३ रुग्णांत, ज्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवायची खरंच गरज होती त्यातला एकही सुटला नाही. ज्यांना गरज नव्हती त्यांच्यापैकी शंभरात बाराएक जणांना विनाकारण पाठवलं गेलं असतं. तपासणीसाठी हा सौदा मला तरी मान्य आहे. २१३ हा आकडा लहान आहे हेही लक्षात असू द्या.

इंटरनेटशिवाय ही गोष्ट आमच्याकडे किती महत्त्वाची आहे, हे पालम किंवा सोनपेठकडे फोन लावून बघितलेल्यांना सांगायला नको. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार पन्नाशीपुढच्या डायबेटिसच्या रुग्णांपैकी १६.९ टक्क्यांच्या पडद्यावर इजा आढळली, आणि ३.६ टक्क्यांची नजरच धोक्यात होती. टाइप २ असेल तर निदान झाल्या झाल्या एकदा आणि पुढे साधारण दरवर्षी पडद्याची तपासणी करायची, हा नियम आहे. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास धूसर दिसतं, म्हणून जाताना सोबत कुणीतरी न्यावं आणि गाडी त्यालाच चालवू द्यावी.

मॉडेल कितीही हुशार असलं तरी फोटो धड नसेल तर त्याचा इलाज नाही. थायलंडच्या दवाखान्यांत गुगलची यंत्रणा लावली तेव्हा १,८३८ पैकी २१ टक्के फोटो तिने नाकारले, आणि एक मोठं कारण निघालं की नर्सच्या खोलीत पुरेसा अंधार नव्हता. बाहुली उजेडात आक्रसते, मग फोटो काळपट येतो. हेल्महोल्ट्झने १८५१ च्या पुस्तकात अंधारी खोली आणि एक चांगला जळणारा दिवा असंच सांगितलं होतं. आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात असा कॅमेरा आला, तर त्याच्यासोबत खिडकीला जाड काळा पडदाही घ्यावा लागेल. परभणीच्या उन्हात बहुतेक दोन.